बोलू नका, हलू नका

आमच्या घरात पाहण्याचं खातं आत्याकडे होतं. डोळे बाकीच्यांनाही होते, पण ते ठेच लागू नये एवढ्यापुरते. मुलगी पाहायची असो, बैल पाहायचा असो की कुणाचं आजारपण, आत्याला पुढे करायचं आणि ती काय सांगते ते ऐकायचं. आत्या जाताना आपलं मत शिदोरीसारखं घरूनच बांधून न्यायची आणि तिथे जाऊन सोडायची. तिच्या हिशेबी जगातल्या सगळ्या चांगल्या मुलींचे डोळे हरणीसारखे आणि सगळ्या वाईट मुलींची चाल उंटासारखी होती. मधली मुलगी तिला कधी भेटलीच नाही.

माझं पाहणं सुरू झालं नांदुऱ्याच्या शाळेत, मी नववीत असताना. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि त्या आनंदात की काय कोण जाणे, आमच्या शाळेला पुण्याकडचे ड्रॉइंग मास्तर मिळाले होते. आमचं वऱ्हाडी मले-तुले ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि त्यांचं ‘अहो, जरा इकडे या बरं’ ऐकून आम्हाला हसू फुटायचं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना अडाणी ठरवलं होतं, त्यामुळे वर्ग सुरळीत चालला.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर पितळी तांब्या ठेवला आणि म्हणाले, काढा. चाळीस जणांनी चाळीस तांबे काढले. त्यातल्या एकाचाही टेबलावरच्या तांब्याशी काही संबंध नव्हता. तांब्याचं तोंड गोल असतं हे आम्हाला ठाऊक, म्हणून प्रत्येकाने ते ताटाएवढं गोल काढलं. तांब्या उभा राहतो हेही ठाऊक, म्हणून बूड पट्टीने आखलं. मी तर आत पाणीही दाखवलं, कारण आमच्या घरी पाहुण्यापुढे रिकामा तांब्या ठेवत नसत.

मास्तर वर्गातून एक फेरी मारून आले. म्हणाले, ‘‘तुमच्यापैकी एकानेही मान वर केलेली नाही. तांब्या तुम्हाला पाठ आहे.’’

मग त्यांनी आम्हाला त्यांचं तत्त्वज्ञान सांगितलं. माणसाच्या डोक्यात म्हणे एक वकील बसलेला असतो. समोर काहीही आलं की डोळ्यांनी पाहायच्या आत तो बोलायला लागतो: हा तांब्या, ही खाट, ही बाई, पुढे चला. त्याचं बोलणं ऐकून हात चित्र काढतो आणि ते चित्र खोटं निघतं. चित्र शिकायचं म्हणजे हात शिकवायचा नाही, वकिलाला गप्प बसवायचं. मला वकील काही दिसेना, पण माझ्या डोक्यात सारखं बोलणारं कुणीतरी आहे हे मला लगेच पटलं. आवाज हुबेहूब आत्याचा होता.

वकिलाला गप्प बसवायचे मास्तरांचे उपाय विचित्र होते. पहिला उपाय म्हणून त्यांनी वर्गातलं लक्ष्मीचं कॅलेंडर उलटं टांगलं. पाय वर, डोकं खाली. म्हणाले, आता हिला लक्ष्मी म्हणू नका, नुसत्या रेघा पाहा आणि उतरवा. आम्ही उतरवल्या. मग कागद सुलटे केले आणि वर्ग गार पडला. सगळ्यांचीच लक्ष्मी बरी आली होती. ज्याला सरळ तांब्या जमला नव्हता त्याची लक्ष्मीसुद्धा कमळावर नीट बसली होती.

गावात मात्र लक्ष्मीपेक्षा तिचे पाय जास्त गाजले. मास्तरनं देवी उलटी टांगली, ही बातमी शाळा सुटायच्या आत बाजारपेठेत पोचली. संध्याकाळी चार पंच शाळेत आले. देवीचं चित्र उलटं पाहिल्यावर पोरांचं डोकं फिरलं तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता. पोरांचं डोकं फिरवायचं हाच मास्तरांचा बेत होता, पण त्यांनी पंचांदेखत लक्ष्मी सुलटी केली. दुसऱ्या दिवशीपासून भिंतीवर ऑइल इंजिनाची जाहिरात उलटी टांगली गेली. इंजिनाच्या बाजूने भांडायला कुणी आलं नाही.

दुसरा उपाय खाटेचा. चपराशाची खाट वर्गात आणून उभी केली आणि मास्तर म्हणाले, खाट काढायचीच नाही. खाटेच्या पायांमधून जी मोकळी जागा दिसते, फक्त ती काढा. आम्हाला वाटलं, आता यांचंच फिरलं. पण मी काढत गेले. एक उभट तुकडा, एक तिरपा तुकडा, खाली एक लांबोडका तुकडा. कशालाच नाव नव्हतं, त्यामुळे डोक्यातल्या आत्याला बोलायला काही सापडेना. ती हळूहळू गप्प झाली. घंटा झाली तेव्हा मला ऐकूही आली नाही, आणि कागदावर खाट उभी होती. चारही पाय आपापल्या जागी.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की घरी जाताना रस्ताभर मी माणसांच्या मधल्या मोकळ्या जागा पाहत गेले आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

तिसरा उपाय सगळ्यात साधा. काढताना बोलायचं नाही आणि ज्याचं काढायचं त्यालाही बोलू द्यायचं नाही. बोलणं सुरू झालं की वकील उठला. मास्तर ओठांवर बोट ठेवून वर्गातून फिरायचे आणि म्हणायचे, ‘‘जसं दिसतं तसं. जसं ठाऊक आहे तसं नाही.’’

वर्षाअखेरीस सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली आणि मी घरात कुणाला सहन होईनाशी झाले. आईने भाकरी वाढली की मी तिला सांगायची, इथून ती गोल दिसत नाही, लंबगोल दिसते. आई म्हणायची, गिळ. बाबांना मी सांगितलं की तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्या आठ दिवसांत त्यांना आरशासमोर मी तीनदा पकडलं. घरातली सगळी माणसं आंधळी आणि मी एकटी डोळस, असं माझं ठाम मत झालं होतं. मला तेव्हा सोळावं चालू होतं, आणि त्या वयात एवढं ठाम मत कुणाचंही असू शकतं.

त्याच वर्षी दादाच्या लग्नाचं निघालं.

दादा भुसावळला नोकरीला होता. आमच्याकडे मुलाने मुलगी पाहायला जायची पद्धत नव्हती. मोठी माणसं पाहून यायची, आणि मुलाला बायको दिसायची ती एकदम अंतरपाट दूर झाल्यावर. दादाला हे मंजूर नव्हतं, पण बाबांना तोंडावर सांगायची छातीही नव्हती. त्याने फोटो मागितला. स्थळ संग्रामपुराकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक खेडं. तिकडून निरोप आला की फोटो काढल्यानं आयुष्य कमी होते, आमच्या घरात कोणी काढला नाही. तेव्हा दादाने मला बाजूला घेतलं.

‘‘तू जा आत्यासंगं,’’ तो म्हणाला. ‘‘चित्र काढून आण. आत्याच्या सांगण्यावर मी लगन करणार नाई. तिले सगळ्या हरण्याच दिसतात. तू जे काढशील त्याच्यावर हो का नाही ते सांगीन.’’

एका मुलीचं लग्न आता माझ्या पेन्सिलीच्या टोकावर होतं. मला भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

माघ संपत आला होता. आत्या, बाबा आणि मी एसटीने पूर्णा ओलांडून गेलो आणि फाट्यावरून मुलीकडच्यांच्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसलो. कापसाची वेचणी संपून शेतं मोकळी झाली होती आणि प्रत्येक घरामागे जळणासाठी उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग रचलेले होते. आत्या दमणीतच म्हणाली, ‘‘पोरगी चांगली हाये.’’ पोरगी अजून दोन कोस लांब होती.

बैठकीत अंधूक उजेड होता. मुलगी आली ती डाव्या बाजूने पदर बराच पुढे ओढून. आत्याने तिला चालायला लावलं, वाचायला लावलं, आणि मग पिशवीतून सुई-दोरा काढला. डोळे तपासायची आमची ही पद्धत होती. मुलीने सुई उजेडाकडे धरली आणि एका दमात ओवली. आत्याने बाबांकडे विजयाने पाहिलं. मी मनातल्या मनात हसले. सुई ओवून डोळे कळतात म्हणणाऱ्या बाईची मला कीव आली.

चहापोह्यांनंतर मी वही काढली. भावाला दाखवायला चित्र काढते म्हटल्यावर मुलीच्या आईचा चेहरा उतरला, पण वरपक्षाला नाही कसं म्हणणार? स्वयंपाकघरात मागच्या दारापाशी चांगला उजेड होता. मी मुलीला तिथे पाटावर बसवलं आणि तिचा पदर माझ्या हाताने मागे केला.

तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान होता. वरची पापणी जाड, खाली आलेली, डोळा अर्धा झाकलेला. भुवईखाली पावडर लागल्यासारखा एक पांढरा ठिपका. आत्याला हे दिसलं नव्हतं, बाबांना दिसलं नव्हतं. मला दिसलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो दयेचा नव्हता.

मी काढू लागले. तिच्याहून मी दोनेक वर्षांनी लहान असेन. ती एकदा माझ्याकडे पाहत होती, एकदा मागे दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहत होती. आई चुलीकडे वळली तशी ती पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, हा डोया ना माह्या...’’

‘‘श्श,’’ मी म्हणाले. ‘‘बोलू नका. हलू नका.’’

ती गप्प बसली. थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं, मास्तर ठेवायचे अगदी तसं. मग ती शेवटपर्यंत हलली नाही.

चित्र इतकं चांगलं झालं की मीच पाहत राहिले. डोळ्याला डोळा न म्हणता, नुसत्या सावल्या आणि मधल्या जागा काढत गेले होते मी. तो पांढरा ठिपकाही कागद कोरा सोडून साधला होता. तिने चित्र मागितलं, पाहिलं आणि विचारलं, ‘‘असाच दिसते काय?’’

‘‘जसं दिसते तसंच काढा लागते,’’ मी सांगितलं. ती उठून कपबशा विसळायला गेली.

पुढच्या रविवारी दादा आला. आत्याने साक्ष दिली: रंग उजळ, चाल हंसिणीची, डोळे हरणीचे. दादाने ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे हात केला. मी वही दिली. त्याने ती उजेडाकडे धरली.

‘‘हा डोळा असा आहे?’’

‘‘मी पाहिला तसा काढला.’’

आत्याने वही ओढून घेतली. ‘‘अवो बाप्पा! काय काढलं वं हे पोरीनं? पोरीचे डोये चांगले हायेत. म्या सुई ओवतांनी पाह्यलं ना!’’

‘‘आत्या, तुले काय दिसते,’’ दादा म्हणाला आणि त्याने नाही म्हणून सांगितलं.

नकार कळवायची आमच्याकडे रीत होती. पत्रिका जुळत नाही म्हणायचं, म्हणजे दोष ग्रहांवर जातो आणि मुलगी मोकळी राहते. बाबांनी तसंच कळवलं. पण आत्याच्या डोळ्यांचा अपमान झाला होता, आणि तो गिळायची तिला सवय नव्हती. जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, ‘‘म्या तं पसंत केली व्हती, पोरालेच तिच्या डोयात खोट दिसली.’’ आपलं पाहणं खरं होतं हे सिद्ध करायच्या नादात तिने ती खोट बाजारोबाजार पोचवली. मास्तरांना मी चित्र दाखवलं तेव्हा तेही खूश झाले. म्हणाले, बघा, डोळा नावाची वस्तू हिने काढलेलीच नाही, दिसलं ते काढलंय. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

दादाने पुढे तीन-चार महिन्यांत, आत्याने पाहिलेल्या दुसऱ्याच मुलीला, चित्र न मागता होकार देऊन टाकला. तो कंटाळला होता म्हणे. वहिनी चांगली निघाली. तिचे डोळे हरणीचे नाहीत, पण त्यांना आत्याही काही दिवसांनी घाबरू लागली.

त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी नांदुऱ्याच्या बस स्टँडवर बसले होते. मांडीवर वही होती. तेव्हा मी वहीशिवाय कुठे जात नसे, लोकांना कळायला नको का? समोर एक बाई येऊन उभी राहिली. गळ्यात नवं मंगळसूत्र, बोटाला धरलेली पाचेक वर्षांची मुलगी. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘तुमीच ना त्या? चित्रवाल्या?’’

मी वर पाहिलं. आधी डोळेच पाहिले. दोन्ही सारखे होते. मोठे, पाणीदार आणि सारखे. हरणीसारखे म्हणायला मला आजही लाज वाटते, पण आत्याला दुसरा शब्द येत नव्हता आणि त्या वेळी मलाही सुचला नाही.

‘‘तुमचा डोळा...’’ एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ती बाकड्यावर टेकली. ‘‘गांधीलमाशी चावली व्हती त्या दिवशी. तुमच्या चहासाठी पऱ्हाट्या काढाले गेली सकाऊन. ढिगात पोयं व्हतं. मायनं चुना लावला अन् म्हणे, पाव्हण्यायले सांगू नोको, अपशकून समजतात. दोन दिवसात उतरलं सारं.’’

चुना. मी सोडलेला तो कोरा, सुंदर, टाळ्या मिळवलेला पांढरा ठिपका.

‘‘मले काऊन नाही सांगितलं?’’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर आठवलं.

‘‘सांगून तं राह्यली व्हती,’’ ती म्हणाली. ‘‘तुमीच म्हणलं, बोलू नोका.’’

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं घडलेलं सांगत होती. खोट असल्याची आवई उठल्यावर दोन स्थळं दारातून परत गेली. मग बिजवराला दिली. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. ‘‘माणूस बरा हाये,’’ ती म्हणाली आणि मुलीच्या तोंडावरचा घाम पदराने पुसला. ‘‘हे पोरगी तिची हाये. आता माहीच.’’ मग ती थोडी हसली. ‘‘तुमी माह्यं नाहीच काढलं, ताई. गांधीलमाशीचं काढलं.’’

मला रडू आलं. भर स्टँडवर, लोकांसमोर. घरातली आंधळी माणसं बरोबर निघाली होती. सुई ओवणारा डोळा चांगला असतो, एवढं साधं आत्याला ठाऊक होतं. मला फक्त दिसत होतं. आत्याला गप्प करायला शिकता शिकता मी जिचं ऐकायला हवं होतं तिलाच गप्प केलं होतं. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, आता काय त्याचं, आणि मुलीला माझी पेन्सिल दाखवू लागली.

‘‘पुन्हा काढू का?’’ मी विचारलं. ‘‘चुकलेलं राहू नाही देववत.’’

तिने संग्रामपूरची गाडी लागली आहे का ते पाहिलं. लागली नव्हती. ‘‘काढा. पण म्या बोलीन.’’

‘‘बोला,’’ मी म्हणाले.

आणि ती बोलली. माशी कशी चावली, आरशात पाहून ती कशी रडली, सुई ओवताना अर्ध्या डोळ्यातून पाणी येत होतं ते तिने कसं गिळलं. माझा दादा कसा दिसतो हेही तिने विचारलं, कारण तिला तरी तो कुठे दिसला होता! मुलीला काय आवडतं, नवऱ्याला काय चालत नाही, सासूचं काय दुखतं. तिची मान हलत होती, हात हलत होते. मास्तरांनी पाहिलं असतं तर वही फाडली असती. मग गाडी आली, ती मुलीला कडेवर घेऊन गर्दीत शिरली आणि खिडकीतूनही काहीतरी सांगतच होती.

पुढे मीही ड्रॉइंग शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. तांब्या, खाट, उलटं कॅलेंडर, सगळं मास्तरांसारखंच. फक्त ओठांवर बोट ठेवणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे माझ्या वर्गाचा गोंगाट हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत ऐकू जायचा. दादाला मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

दोन्ही चित्रं माझ्याकडे आहेत. पहिलं आजही कुणाला दाखवलं तर वाहवा होते. दुसरं कुणी पाहत नाही. त्यात दोन्ही डोळे सारखे आहेत, मान वाकडी आहे, आणि डोळ्यांखाली कागद कोरा आहे. तोंड काढायचं राहून गेलं. ते एकदाही थांबलं नाही, आणि मी थांब म्हटलं नाही.